चार थरांचा टायर

धुळ्याला आग्रा रोडवर भाईदासचं पंक्चरचं दुकान आहे. वर पत्रा, आत हवेची टाकी, पाण्याचं घमेलं आणि मागे जुन्या टायरांचा ढीग. भाईदास जाऊन दीड वर्ष झालं. आता तिथे त्याची बायको झुंबरबाई बसते. पूर्वी ती आमच्याकडे दूध घालायला यायची आणि दूध ओतून झालं तरी दारात बोलत उभी राहायची. हल्ली विचारल्याशिवाय बोलत नाही.

भाईदास गेला तो बैलगाडीच्या चाकापायी. अलीकडे शेतकरी लाकडी चाकं काढून गाडीला मोटारीचे जुने टायर बसवतात. गाडीवानाला टायर दगडासारखा टणक हवा असतो. तसा असला की बैलांना हलकं जातं म्हणतात. म्हणून हवा भरणारे दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत नाहीत, हातोडीने ठोकून बघतात. त्या दिवशी शिंदखेड्याकडची एक गाडी आली होती. पहिलं चाक ठोकल्यावर खणखणीत वाजलं. दुसरं वाजेना, म्हणून भाईदास भरत राहिला. टायर फुटला आणि लोखंडी कडं छातीवर बसलं. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

झुंबरबाई रडली नाही. दीर झुलाल म्हणाला, "वहिनी, देवनी नेलं. तुमी घर बसा, दुकान मी चालाडसू." तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही. रोज सकाळी दुकानात जायची, टाकीसमोर बसायची आणि टाकीला हात न लावता परत यायची. झुलालने थोडे दिवस वाट पाहायची ठरवली होती.

एक दिवस ती माझ्याकडे आली. "ताई, तुमी कॉलेजमा शिकेल शेत ना? मनासंगे चला."

दुकानामागे तिने त्या गाडीचे दोन्ही टायर वेगळे ठेवले होते. एक धड, एक फाटलेला. कॉलेजात मी शास्त्र शिकले, पण टायर कधी वाचला नव्हता. नाण्यावर असतात तशी उठावाची अक्षरं होती. दोन्हींवर ६.००–१६. मी सांगायला लागले, टायरची रुंदी सहा इंच आणि आतलं कडं सोळा इंच.

"ते माले माहीत शे. त्यास्ले बी माहीत व्हतं. आखो काय शे?"

कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरं होती. धड टायरवर सहा प्लाय. म्हणजे रबराच्या आत कापडाचे सहा थर. फाटलेल्यावर त्या जागी चिखल वाळून बसला होता. मी केसांतली पिन काढून तो खरवडला. चार प्लाय निघालं.

सहा थर जेवढी हवा सोसतात तेवढी चार थरांना सोसत नाही. हे समजायला कॉलेज लागत नाही. मी पिन पुन्हा केसांत खोचली. पुसलं गेलंय म्हणून सांगणं सोपं होतं.

"काय लिखेल शे? माले फसाडू नका."

"कळून काय करणार, झुंबरबाई?"

"झुलाल सांगस देवनी नेलं. देवनी नेलं व्हई तर मी त्या नळीले हात लावू शकत नही. आज बी नही, उद्या बी नही. पन आकड्यानी नेलं व्हई, तर आकडा पाहीसन हवा भरसू."

"चार लिहिलंय," मी म्हटलं. "आणि दुसऱ्यावर सहा."

तिने त्या चारवरून बोट फिरवलं. "मंग त्यास्ले दिसाले पाहिजे व्हतं."

"चिखल होता."

"पुसाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. डाळीत मीठ कमी पडलं म्हणावं, तशी.

दुसऱ्या दिवशी तिने टाकी सुरू केली. चाक आलं की आधी ओल्या फडक्याने पुसायचं, आकडा बघायचा, मग काट्यावर नजर ठेवून भरायचं. गाडीवानांना गंमत वाटली. एक जण म्हणाला, "भाबी, टायरनं लगीन शे का? हळद बी लावा!"

"हळद तू लाव. पहिले पाय मांगे ले."

झुलाल कुरकुरला, "बठ्ठा गाडीवान समोरना दुकानमा गया." ती म्हणाली, "जाऊ दे." त्यानेही पुढे दुकान मागितलं नाही. लॉरीवाले येतात. त्यांना काटा चालतो.

माझा मुलगा लीलाधर ओव्हरसियर आहे. सरकारी जीपने शिंदखेडा, यावल कुठेही जातो. सकाळी तो चहा पीत असतो तेव्हा मी जीपचे टायर बघून येते. तो वैतागतो. "आई, ती जीप आहे, भाकरी नाही उलटून पाहायला." आकडे बरोबर असतात. तरी आजही त्याला उशीर झालाय आणि मी जागी आहे.

परवा मी दुकानावरून जात होते, तेव्हा एक गाडीवान हटून बसला होता, "आखो भर." चाक चार थरांचं होतं. झुंबरबाईने नळी काढून घेतली.

"समोरला भरी दी माले."

"जा. पन तो भरी तवय तू दूर उभा ऱ्हाय."

तो गेल्यावर मी विचारलं, "आकडा कळल्यापासून भीती गेली का हो?"

"नही," ती म्हणाली. "हात चालस."

पुढच्या लॉरीचं चाक ती ओढत होती, म्हणून मी बाजूला झाले.