हळू मारशीन त तुले बसन

मी कारंज्याला कॉलेजात मराठी शिकवते. त्यामुळे गावातल्या लोकांची अशी पक्की समजूत आहे की विशेषणांचं गोदाम माझ्याच घरी आहे. कोणी रिटायर झालं, कोणी सरपंच झालं, कोणाच्या सासऱ्याला पंचाहत्तर वर्षं झाली, की फोन मला. "मॅडम, तेवढं मानपत्र लिहून द्या नं." मी देते. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय. माणसं बदलतात, मजकूर तोच असतो, आणि आजवर एकानंही तक्रार केलेली नाही.

या खेपेला फोन आमच्या दहावीच्या ग्रुपवरून आला. आमचं गाव कामरगावच्या रस्त्याला, फाट्यावरून आत. तिथल्या शाळेत आम्हाला गणित शिकवणारे सर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. शाळा एका संस्थेची, बदलीची भानगड नाही, म्हणून सर पंचविशीत आले ते तिथंच म्हातारे झाले. बॅचनं ठरवलं, मोठं स्नेहमिलन घ्यायचं. फेटा, शाल-श्रीफळ, जेवणात वांग्याची भाजी आणि रोडगे, आणि माझ्या हस्ते मानपत्राचं वाचन. मी सरांची लाडकी होते. तसं सगळ्यांच्या लक्षात होतं.

झालं! एरवी गुलाबाच्या फुलांवर सुविचार पाठवणारा ग्रुप त्या दिवसापासून मार आठवायला लागला.

"मले सरनं सातवीत असं हाणलं का तीन दिवस बसता नाई आलं."

"तुह्यं काय घेऊन बसला बे, मले आठ दिवस!"

एकाचं आता कारंज्यात धान्याचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, "सरच्या मारानंच मी माणूस झालो." तो माणूस झाला की नाही याबद्दल बाजारात दोन मतं आहेत, पण जाऊ द्या. चढाओढ अशी लागली की एकीनं तर कधी न खाल्लेला मारही लिहून टाकला. मला ठाऊक आहे, ती त्या वर्षी मामाकडे शिकायला होती.

हत्यारांचीही उजळणी झाली. आमच्या वेळी निरगुडीची फोक असायची. मग नाल्याकाठच्या बेशरमाची काडी आली. हल्ली म्हणे ठिबकची काळी नळी असते, वजनाला हलकी आणि मोडत नाही. शेतीत सुधारणा होतात तशा त्या शाळेतही पोचतात, हे वाचून कृषी खात्याला धन्य वाटेल. आमचे बाप नाव घालायला यायचे तेव्हा मास्तरांना सांगून जायचे, "हाडं आमची, मांस तुमचं." हा सौदा मला आजतागायत कळलेला नाही. पोराची नुसती हाडं घरी नेऊन हे लोक करणार काय होते?

मानपत्राचा पहिला परिच्छेद मी लिहून काढला आणि ग्रुपवर आग लागली. एका बाईनं सरांविरुद्ध ठाण्यात अर्ज दिला होता. तिच्या सातवीतल्या मुलीला सरांनी नळीनं मारलं म्हणून.

काय ते लोक उसळले, बाप्पा! "मारलं म्हणून पोलिसात? असा कायदा असते का कुठी?" असते. कधीचीच बंदी आहे. शाळेच्या भिंतीवर तसं रंगवलेलंही आहे, खाली मुलांसाठी फुकट फोनचा नंबर आहे. त्या नंबरासमोर सर आपली मोटारसायकल लावतात. "सर गुन्हेगार असन त माह्या बापाले त फाशीच द्या लागन," असं एकानं लिहिलं, आणि त्यावर वीस जण खो खो हसले. पुण्याला कंपनीत असलेल्यानं लांबलचक लिहिलं: आजची पिढी नाजूक आहे, मार खाल्ला म्हणून आपण घडलो, वगैरे. याच गृहस्थाच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी तिकडच्या शाळेत बाईंनी "मठ्ठ" म्हटलं, तर हा अर्धा दिवस रजा टाकून गेला आणि लेखी माफी घेऊन आला. त्या माफीचा फोटो त्यानंच आम्हाला पाठवला होता. म्हणजे पुण्यातल्या पोराला शब्दही लागतो आणि आमच्या गावातल्या पोरीला नळीसुद्धा पौष्टिक!

आणि मी? मी हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याचा अर्थ ज्याला जो पाहिजे तो लावता येतो.

अर्ज देणारी बाई आमच्याच वर्गातली निघाली. सहावीपर्यंत होती, मग शाळेत आलीच नाही, गावातच दिली. ग्रुपमध्ये ती कुठून असणार, ग्रुप दहावीचा आहे. मारानं जे घडले ते सगळे तिथं जमलेत, जे नाही घडले त्यांचा ग्रुप कोण काढणार.

"तू जा," मला सांगण्यात आलं. "तुही मैत्रीण व्हती. एकाच बाकावर बसत व्हत्या तुमी. तुह्यं ऐकन थे." आमच्यातल्या वकिलानं माघारीचा मजकूर टाईप करून दिला: 'सदर तक्रार गैरसमजातून व रागाच्या भरात दिली असून...' मी तो पर्समध्ये घातला. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं की तीन महिने राहिलेत, मिटलं तर बरं.

रविवारी एसटीनं फाट्यावर उतरले, तिथून जीपनं गावात. ती ओसरीवर शिलाई मशीनवर बसली होती. बाजूला तिची मुलगी ब्लाउजला हुक लावत होती. मला पाहून ती उठली नाही, पण पायानं चिंध्यांची पाटी सरकवून बसायला जागा केली.

"ये वं. लय दिवसानं. हे तुही मावशी हाय," ती मुलीला म्हणाली, "माह्या वर्गात होती."

चहा झाला. सोयाबीनचे भाव झाले. मग मी माझा कॉलेजातला मऊ आवाज काढला आणि मुलीला विचारलं, नेमकं झालं काय?

"सरनं सतराचा पाढा इचारला," पोरगी म्हणाली. "मले येत होता. अकरा जणीले नाई आला. त सर म्हणे, चाल, दे एकेकीच्या थोबाडात. म्या म्हटलं, नाई देत."

"काहून?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाढा चुकले होते. "काहून म्हणजे? त्याईनं माह्यं काय केलं होतं?"

मग सरांनी नळी काढली. तिनं परकर वर करून पोटऱ्या दाखवल्या. दोन्हींवर तीन-तीन काळेनिळे पट्टे. शाळेनं लिहून दिलं होतं की मुलगी हापशीवर घसरून पडली. इतक्या सारख्या अंतरावर पट्टे उमटवणारी हापशी आमच्या शाळेतच असू शकते, तिलाही शिस्त लागली असेल.

"उद्या शाळेत चौकशी हाय," तिची आई म्हणाली. मशीन चालूच होती. "अकराच्या अकरा पोरी म्हणतात, आमी काई पाह्यलंच नाई. त्याईच्या माया म्हणतात, सर देवमाणूस. तीस वरसात एक तक्रार नाई. म्हणजे माही पोरगी खोटी. वर्गात तिले आता सारे खोटारडी म्हणतात. आठ दिवस झाले, शाळेत जात नाई. म्हणते, आता कधीच जात नाई."

पोरीनं मान वर केली नाही. हुक लावत राहिली. सतराचा पाढा येणारी पोरगी आता जन्मभर हुक लावत बसणार का, असं माझ्या मनात आलं, आणि पर्समधला कागद मला टोचायला लागला. तरी जीभ कुठं राहते! मी म्हटलं, "आपल्या वेळीबी सर असंच करत होते नं. आपण इसरलोच की."

पोरीनं लगेच पकडलं. "तुमालेबी मारत होते, मावशी?"

"मले... नाई फारसं. मले पाढे येत होते."

"म्हणजे तुमाले माराले लावत होते."

"हो."

"तुमी कधी नाई म्हटलं नाई?"

आता आली का पंचाईत! कॉलेजात साठ पोरं समोर असतात, एकाचाही प्रश्न मला अडवत नाही. मी समजावलं, "बाई, सरचा नियम होता. हळू मारशीन त तुले बसन. मंग काय करणार? माराच लागे." हे मी बरीच वर्षं सांगत आले आहे, आणि ऐकणारा हळहळतो. मास्तरनं पोरांचेच हात पोरांवर चालवले, असं म्हणतो. खरंच आहे ते. हातही आमचे, गालही आमचे, पाढ्यांच्या तासाला सरांच्या हाताला खडूशिवाय काही लागत नव्हतं.

मशीन थांबली.

"पोरीले खरं सांग," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले मारलं तवा सर कुठी होते?"

मी चहाचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"सर बाहीर गेल्ते. हेडमास्तरनं बलावलं होतं. तुले सांगून गेल्ते, चालू ठेव म्हणून. हळू मारलं असतं त कोण पाहत होतं तुले?"

कोणी नाही. वर्गात आम्हीच होतो. मला ते सगळं आठवतं, विसरले असं म्हणायची सोय नाही. रांगेत ती सातवी होती. सर नाहीत, आणि समोर तिची मैत्रीण, म्हणून बिनधास्त होती. लटकं मारेल, असं धरून तिनं हसत गाल पुढं केला. आणि मी पंजा उघडून असा ठेवून दिला की तिची वेणी पुढं आली. का? मला मजा येत होती. अख्खी रांग मला भीत होती, मोठमोठे पोट्टे माझ्यासमोर डोळे मिटून उभे होते, आणि ही एकटी हसत होती. ते मला सहन झालं नाही. सरांनी मला मारायला लावलं हे खरं, पण आवडायला कोणी लावलं नव्हतं. लाज वाटते लिहिताना. तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. दिवाळीनंतर आलीच नाही. गाव म्हणालं, गरिबी. गरीब तर त्या वर्षी सगळेच होते, बाकीच्या येत होत्या. मीही म्हणाले, गरिबी.

"मारलं कोणी, हे म्या घरी सांगतलंच नाई," ती म्हणाली. "सरनं मारलं म्हटलं. बाप म्हणे, मारलं त काय झालं."

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती माझ्याकडे नुसती पाहत होती, आणि मशीनवरचं ब्लाउज तसंच अर्धं होतं.

"तू चौकशीत येऊन काय सांगशीन?" तिनं विचारलं. "ग्रुपनं धाडलं नं तुले? मले माहीत हाय."

मी म्हटलं, लिहून देते. सर असं करत होते, आमच्या वेळी करत होते, मी स्वतः त्यात होते. मुलीनं वहीतलं मधलं पान काढून दिलं. वकिलाच्या भाषेत 'रागाच्या भरात' वगैरे झरझर येतं, हे येईना. मोबाईल पर्समध्ये थरथरत होता. ग्रुपवर विचारत असणार, मिटलं का. मी तिथंच ओसरीवर बसून लिहिलं. सर पाढा विचारायचे. ज्याला येई त्याला बाकीच्यांना मारायला लावायचे. हळू मारलं तर त्यालाच मार बसे. मी सहावीत असताना बरेचदा मारलं. एके दिवशी सर वर्गात नव्हते तरी मी माझ्या मैत्रिणीच्या थोबाडीत मारली. या मुलीनं मारायला नकार दिला, म्हणून तिला मार बसला, हे मला शंभर टक्के खरं वाटतं. खाली सही, नोकरीचा पत्ता, सगळं.

कायद्यानं मास्तरांना धरावं की नाही, यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. मला विचाराल तर धरावं, आणि मला सोडायचं कारण मला दिसत नाही. पोरीला त्या चर्चेशी घेणं नव्हतं. ती कागदाकडे पाहत होती.

"उद्या हे सर्वाईसमोर वाचून दाखवसान?" तिनं विचारलं.

"दाखवते."

"मंग मी येते," ती म्हणाली. "पण पह्यले तुमी वाचजा."

तिच्या आईनं कागद मागितला. शाळा सहावीत सुटलेली, ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचते. मी वाचून दाखवायला पुढं झाले तर हातानंच थांबवलं. ओठ हलवत ती खाली खाली आली. तिच्यावरच्या ओळीशी बोट थांबलं. पुन्हा ती ओळ पहिल्यापासून वाचली.

"एक शब्द राह्यला," ती म्हणाली आणि पेन माझ्यापुढं धरला. "जोरात. जोरात मारली, असं लिव्ह."