दादाच्या फोनमधला आवाज

दादाच्या फोनची मेमरी खराब झालेली नव्हती. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दादा, माझा थोरला भाऊ. त्याला घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढणार हे ठरल्यावर त्याने फोनमध्ये स्वतःचा आवाज भरून ठेवला. भाषण वगैरे नाही, रोजचंच. 'अगं, चहा ठेव.' 'दार लाव, मांजर येऊन राहिली.' एकात माझ्यावरच होतं: 'त्या लिनक्सवाल्याला या फोनला हात लावू देऊ नको, घरातला मिक्सरही फॉर्मॅट करून टाकेल तो.' दादा गेल्यावर वहिनी स्वयंपाक करताना हे सगळं लावायच्या. मिक्सरवर आल्या की हसायच्या.

जुन्या फोनांवर नव्या सिस्टीम चढवणं हा माझा छंद. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरात एक टेबल केबलींनी आणि उघड्या फोनांनी भरलेलं असतं. दादाचा फोन अडखळायला लागला तेव्हा वहिनी तिथेच घेऊन आल्या.

"भाऊजी, फार हँग होऊन राहिला हा. पाहून द्या जरा. ते नको म्हणायचे, पण दुसऱ्या कोणाला देऊ?"

चार फालतू ॲप काढली असती तरी भागलं असतं. पण मला त्यावर नवी सिस्टीम चालताना पाहायची होती. फोटो कॉपी केले, रेकॉर्डिंगही त्यातच आली असतील असं धरून चाललो. उघडून पाहिलं नाही. ती रेकॉर्डरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होती. नवी सिस्टीम चढवता यावी म्हणून फोनचा बूटलोडर उघडताना पडद्यावर इशारा आला, सगळा डेटा पुसला जाईल. तो इशारा इतक्यांदा पाहिलाय की मी आता वाचतच नाही. 'होय' दाबलं.

सिस्टीम झकास चालली. मी खूश होतो. मग फोटो परत भरायला बसलो तेव्हा दिसलं, कॉपीत एकही रेकॉर्डिंग नव्हतं. अशा फोनांत डेटा कुलूपबंद असतो, पुसला की त्याची किल्लीही जाते, मग तो परत येत नाही. हे मला माहीत होतं. तरी दोन दिवस काहीबाही प्रोग्राम चालवत बसलो.

"मेमरीच गेलेली होती, वहिनी. मी हात लावायच्या आधीच."

त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. "अच्छा," म्हणाल्या. मग हळूच, "तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवशी माझ्या हातून पडला होता, भाऊजी. तेव्हाच गेलं असेल. काहून मी ओल्या हाताने उचलला..."

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

तेव्हापासून कोणाचाही फोन घेण्याआधी वहिनी पदराला हात पुसतात, कोरडे असले तरी. त्यांची मुलगी व्हिडिओ कॉल लावून देते तेव्हा म्हणतात, "तूच धर बाई, मी पाडेन." मी समोरच बसलेला असतो.

दादाचा आवाज मी परत आणू शकत नाही. पण तो त्यांच्या हातून गेला नाही, माझ्या हातून गेला, एवढं वहिनींना तोंडावर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.