अक्कांच्या नावाची फाइल

कंटाळा हा माझा जन्माचा रोग. त्यावर मी हुशारीचं पांघरूण घालत आलो, एवढंच.

जळगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला होतो. केळी उत्पादकांच्या एका संस्थेसाठी आम्ही जावा भाषेत प्रोग्रॅम लिहीत होतो. कुणाच्या शेतात कापणी कधी, याची यादी लावायची. शेतकरी, शेत, कापणी, व्यापारी, प्रत्येकाचा एक कंपोनंट, आणि त्यात नवी नोंद तयार व्हायची ती क्रिएट मेथडमधून. तेव्हा ही मेथड प्रत्येक कंपोनंटसाठी वेगळी लिहावी लागायची. तेच तेच लिहून जीव विटायचा.

साहेबांनी बजावलं होतं, हातानेच लिहा, लिहिताना डोकं चालतं. निम्मे कंपोनंट माझ्याकडे, निम्मे अक्कांकडे. अक्का साक्रीच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कंत्राटावर होत्या. त्या महिन्यात त्यांना कायम करायचं चाललं होतं. दुपारी आम्ही शेजारी बसून डबा खायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी त्या न विचारता माझ्या झाकणावर ठेवायच्या.

मी साहेबांना पत्ता न लागू देता एक प्रोग्रॅम लिहिला. टेबलातले रकाने वाचायचा आणि क्रिएट मेथड आपोआप लिहून फाइलीत घालायचा. एका सकाळी चालवला आणि माझं आठवड्याचं काम चहा येईपर्यंत संपलं. कॉलर ताठ करून बसलो. पण फाइली सगळ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये होत्या, आणि माझ्या त्या दीडशहाण्या प्रोग्रॅमने अक्कांच्या शेताच्या फाइलीतही हात घातला. वर त्यांचं नाव तसंच ठेवलं, खालची मेथड बदलली. हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, पण उताऱ्यावर गट नंबर बहुतेक एकच राहतो. अक्कांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी गट नंबराच्या जोडीला हिस्सा तपासला होता. माझ्या मेथडने नुसता गट नंबर पाहिला, तोच पुन्हा आला की नोंद नाकारली. पहिला भाऊ आत, दुसरा बाहेर.

ऐन कापणीत एरंडोलकडचे एक वयस्कर शेतकरी, नाना, ऑफिसात आले. यादीत नाव नाही म्हणून कापणीची गाडी त्यांच्या बांधावर गेलीच नव्हती. घड झाडावरच पिकले होते. "मना भाऊनं नाव शे, मनंच कसं नही?" एवढंच ते विचारत राहिले. आवाज चढवला नाही.

साहेबांनी फाइल उघडली. अक्का म्हणाल्या, "मी हिस्सा तपासला होता, सर." साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कुठे आहे? नाव तर तुमचंच आहे वर."

तेव्हा मला कळलं. मी तिथंच, दोन हातांवर उभा होतो. माझं आहे ते, एवढे तीन शब्द, पण तोंड उघडलं नाही. भ्याड होतो, दुसरं काय.

अक्कांना कायम केलं नाही. उलट पंधरा दिवसांची नोटीस दिली. ते पंधरा दिवसही त्या माझ्या शेजारी बसूनच जेवल्या. अर्धी भाकरी झाकणावर येतच होती आणि मी, निर्लज्ज, ती खात होतो.

बऱ्याच वर्षांनी धुळ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला गेलो, तर शिकवायला अक्का. केस पिकलेले, हसणं तेच. परीक्षा आटोपल्यावर मी कसाबसा म्हणालो, "अक्का, ती शेताची फाइल..."

"तुझ्या प्रोग्रॅमने लिहिलेली," त्या म्हणाल्या. "सगळे रकाने एबीसीडीच्या क्रमाने होते, भाऊ, तुझ्या फाइलींत होते तसेच. माणूस असं लिहीत नाही. साहेबांनी उघडली तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला, गाठ मारली.

"तू बोलशील असं वाटलं होतं. म्हणून तर पंधरा दिवस तुझ्याच शेजारी जेवायला बसत होते."