दोन चिमण्या दाखवणारी दुर्बीण

कागलच्या एमआयडीसीत माझं काम म्हणजे मशीनवरून आलेले भाग तपासायचे आणि मापात नसतील ते परत पाठवायचे. त्यामुळे घरात कुठलीही वस्तू आली की मी आधी ती हलवून बघते.

कंपनीतल्या मैत्रिणीनं एका रविवारी तळ्यावर नेलं, तिची दुर्बीण हातात दिली आणि मला पक्ष्यांचा नाद लागला. तिच्यासारखी महागडी काही परवडणार नव्हती. मी स्वस्तातली मागवली.

आलेल्या दुर्बिणीची भिंगं लालभडक निघाली. नेसरीहून आमच्याकडे कसबा बावड्यात राहायला आलेले माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, एकदम खूश झाले. "काय रुबाब हाय!"

मी कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. मग गच्चीवर जाऊन साखर कारखान्यावर रोखली.

"मामा, चिमणी दोन दिसतायत."

"मग? जोडीनंच असत्यात की!"

"पाखरू नव्हे हो, कारखान्याची चिमणी!"

मामांनी दुर्बीण घेतली. बराच वेळ बघून म्हणाले, "व्हय की. दुसरी कवा बांधली?"

दोन नळ्या एका रेषेत नसल्या की असं होतं, आणि डोकंही दुखतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं दुखायला लागलंच होतं. दुर्बीण परत गेली.

दुसरीत चिमणी एकच दिसली, पण तिला साडीच्या काठासारखी जांभळी किनार होती, आणि कडेला नेली की ती केळ्यासारखी वाकायची. बिजागरी इतकी सैल की उचलली की दुर्बीण आपोआप मिटायची. तीही परत पाठवली.

"अगं, तुला पाखरं बघायची हायत का चुका काढायच्या?" मामा वैतागले.

तिसरी आली. हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली, तर भिंगांत उजेडाचे दोन ठिपके अगदी गोल दिसले. कुठं कापलेले नाहीत, म्हणजे आत उजेड अडत नव्हता. कडेला जरा धूसर होतं, पण चित्र स्पष्ट करायचं चाक अडकत नव्हतं. एवढ्यात शेजारीण जिना चढून आली.

"वैनी, रोज गच्चीवर! आमच्या घरात काय बघायला लागलाय?"

मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं चाक फिरवलं आणि एकदम थिजली. डॉक्टरांनी चालायला सांगितलेला तिचा नवरा कोपऱ्यावरच्या गाड्यावर बसून वडा खात होता.

"दुसरा वडा हाय त्यो! चटणी बी घेतलीया, हिरवी!"

म्हणजे रंग खरे दिसतात, मी मनात नोंद केली. तिनं डोळे न काढता फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "चालतोय गं, तिसरा फेरा."

"खोटं बोलताना मिशा हलाय लागल्यात तुमच्या," ती म्हणाली.

मिशा दिसल्या म्हटल्यावर मी दुर्बीण पास केली. शेजारणीनं लगेच तसलीच मागवली.

आता रविवारी आम्ही सगळे तळ्यावर जातो. तिचा नवराही येतो, यावंच लागतं. परवा एका फांदीवर निळाशार खंड्या बसला. मामा म्हणाले, "आण, जरा बघतो," आणि दुर्बीण सोडेचनात. अखेर माझ्या हातात आली तेव्हा फांदी स्वच्छ दिसत होती, अगदी सालीच्या भेगांसकट. खंड्या गेला होता.

"लई झ्याक होता," मामा म्हणाले.