अक्काचे दोन्ही हात

अक्का गेली, असा नांदेडहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. रडू आलं नाही, राग आला. छातीत कळ येत असताना बाईनं आधी वर्गातल्या मुलींना सुट्टी दिली म्हणे, मग रिक्षा बोलावली. पेशंट सांभाळायचं काम शिकणाऱ्या त्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायची, आधी आपला जीव, मग पेशंट. आणि स्वतः? जन्मभर उलटंच.

अक्का म्हणजे कौसाक्का, औशाच्या खालच्या अंगाची, भूकंपात गेलेल्या एका खेड्यातली. घराचं मातीचं माळवद कोसळलं तेव्हा तिचा नवरा कमरेपर्यंत मातीत गाडला गेला, पण शुद्धीत होता, पाणी मागत होता. भावकीतली माणसं धावली. त्याचे हात, खांदे, जे सापडलं ते धरून जीव खाऊन ओढलं. मानेत काडकन आवाज झाला. अक्का शेजारीच उभी होती. बाहेर काढला तो गप्पच... "मायेनंच ओढलं वो त्यांनी," एवढंच म्हणायची. कुणाला शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत.

पुढं ती लातूरला आमच्या दवाखान्यात वॉर्डात लागली. मी तिथं सिस्टर. पेशंटला हलवण्याआधी कॉटच्या चाकाला ब्रेक, वाकायचं गुडघ्यातून, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, असं सगळं ती झपाट्यानं शिकली. पण कुणी पेशंटला हातापायाला धरून उचलताना दिसला की तिचा पारा चढायचा. एकदा तर तिनं मोठ्या डॉक्टरांच्या मेव्हण्याच्या हातावर चापट मारली होती!

तेव्हा लातूरच्या गल्लीबोळात क्लास, मेस आणि मुलींची होस्टेलं उगवत होती. एका दुपारी नायगावहून डॉक्टरकीच्या क्लासला आलेली एक पोरगी आणली. सायकलला टेम्पोनं उडवलं होतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मानेचा पट्टा वॉर्डात नव्हता. अक्कानं उशाशी उभं राहून पोरीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, पट्टा आणा. मी हिला हलू देत न्हाई."

मी स्टोअरकडे पळाले. तेवढ्यात लातुरातच कामाला आलेले पोरीचे काका आणि चुलतभाऊ जीप भरून आले. इथं पोरगी मरून राहिली आणि हे लोक काहीच करून नाही राहिले, असा त्यांनी दंगा केला. उचला, नांदेडला नेऊ. अक्का सांगत होती, मान हलवू नका. ऐकतो कोण? पहिली थप्पड बसली. मग बुक्का. मी पट्टा घेऊन आले तेव्हा सलाईनचा लोखंडी स्टँड तिच्या तोंडावर बसत होता, आणि त्या बाईनं तोंडापुढं हात धरला नाही. दोन्ही हात पोरीच्या डोक्याला. रक्त पोरीच्या कपाळावर ठिबकत होतं. मी बोंब मारली, वॉचमन धावले, डॉक्टर आले. मी पट्टा बांधला तेव्हाच तिनं हात काढले आणि खाली बसली. जबडा मोडला होता. डावा डोळा कायमचा गेला.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. पळायचं होतंस, वॉर्डात नव्या आलेल्यांना तेच सांगतेस ना? बांधलेल्या जबड्यातून ती कशीबशी बोलली, "हात सोडले असते तर तिची बी मान गेली असती."

पुढं नांदेडला शिकवायला लागल्यावर मुलींना तो डोळा दाखवून सांगायची, माझ्यासारखं करू नका, मारायला आले की पळा. मुली पळतील की नाही, देव जाणे.

तेराव्याला ती नायगावची पोरगी आली होती. आता शाळेत मास्तरीण आहे. मी ठरवूनच गेले होते, भेटली तर तिच्या काकांचा सगळा हिशेब तिच्यापुढं मांडायचा. ती कोपऱ्यात बसलेली. बोलायला सुरुवात म्हणून मी विचारलं, जेवलीस का?

तिनं नकारार्थी मान हलवली. डावीकडं, उजवीकडं... अगदी सहज.

मी बघतच राहिले. मग उठले आणि तिचं ताट वाढलं.