दादाच्या गिटारीतली खरखर

मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे निघाली होती, तेव्हा वहिनीचा फोन आला. मंदावहिनी शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही. "बेबी, तू ये," एवढंच म्हणाली. मी विचारलं, काय झालं? पलीकडे कुणीतरी मोठ्यानं कुणाला तरी हाका मारत होतं... "यांना दवाखान्यात आणलंय. तू ये आधी." मी पोचले तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता ती जराशी सरकली आणि तिनं मला बसायला जागा केली. तेवढ्यावरून मला कळलं. माझा भाऊ प्रकाशदादा सकाळी चहा पिऊन वर्कशॉप उघडायला गेला होता, तिथंच छातीत कळ येऊन खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

आता काही आठवडे लोटलेत. भेटायला येणारे लोक अजूनही विचारतात, "तुमचे भाऊ नेमकं काय करायचे?" इलेक्ट्रिक गिटार हातानं बनवणारा माणूस आपल्या शहरात होता, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. दादा वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात. लोखंड केसाइतकं कमीजास्त झालं तरी त्याच्या बोटांना ते कळायचं. मी कॉलेजात असताना जयंतीच्या कार्यक्रमांत एका गायन पार्टीबरोबर गिटार वाजवायला लागले. तेव्हा बाई गिटार घेऊन स्टेजवर बसली की लोक आधी बाईकडे बघायचे, मग गिटारीकडे. दादा मात्र गिटारीकडेच बघायचा. विकतची गिटार माझ्या हाताला जाड पडते हे त्यानं पहिल्याच कार्यक्रमात ओळखलं आणि घरी आल्यावर म्हणाला, "ही मान तुझ्या पंजाची नाय. मी करून देतो." ती पहिली गिटार त्यानं सुट्टीच्या दिवसांत, सागवानाच्या फळीतून कोरून काढली. पुढं आणखी लोक मागायला लागले आणि त्यानं नोकरी सोडली. आईनं आठवडाभर अबोला धरला. वहिनी म्हणाली, "सोडली तर सोडली, पण मग नीट करा."

नीट करणं हाच त्याचा आजार होता, असं आता वाटतं. मला सांगायचा आहे तो एका मार्च-एप्रिलचा काळ. माझी पहिली गिटार झिजली होती म्हणून दादानं नवी बनवली. सागवानी अंग, मानेवर शिसवी फळी, दिसायला इतकी देखणी की पार्टीचे प्रमुख गौतमभाऊ तिच्यावरून हात फिरवत राहिले. पण वाजवायला घेतली आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यातच मला ती ऐकू आली... खरखर. गिटारीच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, सतारीला पडदे असतात तशा. त्यांना फ्रेट म्हणतात. एका फ्रेटवर तार दाबली की पुढच्या फ्रेटला ती शिवता कामा नये. शिवली की सूर फाटतो, तारेत माशी अडकल्यासारखा आवाज येतो. नवव्या पट्टीवर बोट ठेवलं की दहावीवर तार चरचरत होती.

दादा म्हणाला, "एवढंच ना? दुपारी ये." त्यानं पोलादी पट्टी फ्रेटांवर आडवी ठेवून उजेडाकडे धरली, डोळा लावला आणि म्हणाला, सगळं सपाट आहे. तरी दहावी पट्टी कानसीनं किंचित घासली. खरखर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. मग त्यानं मानेच्या आतला रॉड सैल केला, म्हणजे मान थोडी वाकून तारांना जागा मिळावी. दोन दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. मग तारा उंच केल्या, तर त्या दाबताना माझी बोटं सोलायला लागली आणि वरचे सूर चढे लागायला लागले. पुन्हा खाली घेतल्या. पुन्हा घासलं. आता खरखर दहावीवरून बारावीवर गेली होती. शहागंजातल्या एका वाद्यवाल्याला त्यानं ती नेऊन दाखवली. तो हसला, म्हणाला, "अरे भाई, तंबोरे में यही आवाज लाने कू लोगाँ मेरे पास आते, और तुम निकालने कू आये!" दादाला त्याचं अजिबात हसू आलं नाही.

पत्र्याच्या छपराखालचं ते वर्कशॉप उन्हाळ्यात भट्टीसारखं तापायचं. दादा जेवायला घरी येईनासा झाला. वहिनी डबा नेऊन द्यायची आणि तसाच परत आणायची. आणि जयंती जवळ येत चालली होती. करमाडला मोठा कार्यक्रम ठरला होता, पार्टीचा वर्षातला सगळ्यात मोठा. त्यातल्या मुख्य गाण्याच्या मध्ये एकट्या गिटारीचा तुकडा होता आणि तो नेमका नवव्या पट्टीवरून सुरू व्हायचा. गौतमभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेबीताई, दादांचा मला आदर आहे. पण स्टेजवर ही गिटार नको. मी भाड्यानं एक आणून ठेवतो." हे दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी सांगितलं. तो कानस पुसत उभा होता. पुसून झाल्यावर त्यानं ती जागेवर ठेवली. मग म्हणाला, "गिटारीत काय नाय बेबे. तुझं बोट नीट बसत नाय. फ्रेटच्या मागं दाबायला पायजे, तू वर दाबती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पार्टीची भाड्याची गिटार आणली, त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि तोच तुकडा, त्याच बोटांनी, सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवला. सूर स्वच्छ वाजले. दारात वहिनी डबा घेऊन उभी होती. तिनं दादाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. दादा मान खाली घालून म्हणाला, "जा तू." मी गेले. आम्ही भावंडं आयुष्यात इतके दिवस कधी न बोलता राहिलो नव्हतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी वहिनीच मला घ्यायला आली. "चल. मला त्यांची भीती वाटायला लागलीये," ती म्हणाली. "गिटारीशी बोलत बसलेत." आम्ही गेलो तेव्हा दादा गिटार मांडीवर घेऊन बसला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मला बघून म्हणाला, "वाजव." राग होताच, पण त्याचा चेहरा बघून मी वाजवलं. खरखर होती, पण आज ती अकरावीवर होती. दादा म्हणाला, "सकाळी बारावीवर हुती. मी हात लावला नाय तिला. मंग ती फिरती कशी?" हे तो आम्हाला विचारतच नव्हता. त्यानं अंगठ्याचं नख अकराव्या पट्टीच्या टोकावर ठेवलं आणि दाबलं. टिक्. सोडलं, पुन्हा दाबलं. टिक्. मग एकेक करत तो सगळ्या पट्ट्या दाबत गेला. काही गप्प होत्या, काही बोलत होत्या.

"आयला..." तो म्हणाला. "ह्या बसलेल्याच नायत."

त्यानं सांगितलं ते असं. फ्रेट बसवायला शिसवीत बारीक खाचा पाडतात. त्यासाठी त्यानं नवी करवत घेतली होती आणि तिचं पातं हवं त्याहून जाड होतं. खाचा किंचित रुंद झाल्या आणि फ्रेट त्यांत सैल राहिले. कानस मारली, पोलादी पट्टी ठेवली की ते खाली दबून शहाण्यासारखे सपाट व्हायचे. उन्हानं लाकूड आक्रसलं, तारा थरथरल्या, की पुन्हा वर उचलायचे. जे घासायची गरजच नव्हती ते तो इतके दिवस घासत होता.

आता एकच उपाय होता, सगळे फ्रेट उपटून डिंक भरून पुन्हा बसवायचे. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करमाड. मी म्हटलं, "राहू दे दादा, भाड्याची आहे ना." तो म्हणाला, "तू जायचं तर जा." मी थांबले. सोल्डरिंगच्या कांडीनं तो फ्रेट तापवायचा आणि पकडीनं तसूतसूनं उचलायचा. सहावा उचलताना शिसवीचा एक टवका उडाला. वहिनीनं तोंडावर हात धरला. दादानं श्वास रोखून तो टवका जमिनीवरून शोधून काढला, जागेवर चिकटवला आणि बोटानं धरून ठेवला. "उजेड धर," तो वहिनीला म्हणाला. तिनं मोबाइलचा उजेड धरला आणि हात भरून आला तरी हलवला नाही. संध्याकाळी मी घरी आले. ती रात्र त्या दोघांनी कशी काढली ते मी कधी विचारलं नाही.

करमाडला आम्ही पोचलो तेव्हा मैदान भरलं होतं. निळे झेंडे, जनरेटरची घरघर, पुढच्या रांगांत लहान लेकरांना घेऊन बसलेल्या बाया. दादा गिटार घेऊन मोटरसायकलवर मागून आला. ती तपासायला वेळच नव्हता. गौतमभाऊंनी भाड्याची गिटार माझ्या पाठीमागं उभी करून ठेवली आणि हळूच म्हणाले, "असू द्या." ते गाणं आलं. कडवं संपत आलं. दादा स्टेजच्या कडेला स्पीकरजवळ उभा होता, डोळे मिटून. मी नववी पट्टी दाबली आणि तार छेडली.

सूर मोकळा निघाला. मैदानाच्या टोकापर्यंत गेला. मी पुढं वाजवत राहिले, बारावीपर्यंत चढले, परत खाली उतरले. लोकांनी टाळ्या धरल्या. मी दादाकडे बघितलं तर तो हसत नव्हता, अजून ऐकतच होता. कार्यक्रम संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "आठवीवर जरा काहीतरी हाय."

"नाय दादा, काही नाय."

"हाय," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसलो.

गोष्ट तिथं संपली असती तर मी ती लिहिली नसती. दुसऱ्या दिवशी दादानं फोन हातात घेतला. त्याच करवतीनं केलेल्या आणखी काही गिटारी लोकांकडे गेल्या होत्या. एकाचीही तक्रार आली नव्हती. वहिनी म्हणाली, "ज्यांना ऐकूच येत नाय त्यांना कशाला सांगताय? नाव खराब होईल."

"आज येत नाय," दादा म्हणाला. "उद्या येईल. आन् तवा त्यांना वाटंल, आपलंच बोट चुकतंय."

माझ्याकडे बघून नाही बोलला तो, पण ते माझ्यासाठी होतं. वहिनीलाही कळलं असावं, कारण तिनं गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं प्रत्येकाला स्वतः फोन करून गिटार परत मागवली. वहिनीचं म्हणणं खोटं ठरलं नाही. याच्या गिटारी खराब निघतात असं शहरभर झालं आणि पुढचं वर्षभर नवं काम आलं नाही. दादा कपाटांच्या बिजागऱ्या, गिरणीचे सुटे भाग, मिळेल ते दुरुस्त करत राहिला. मग दुरुस्त होऊन गेलेल्या गिटारीच बोलायला लागल्या. जालन्याहून, बीडहून वाजवणारे पत्ता विचारत यायला लागले.

मागच्या रविवारी वहिनीकडे गेले. घराला कुलूप होतं, म्हणून वर्कशॉपवर गेले. शटर अर्धं ओढलेलं. दादा दुपारी तासभर पाठ टेकायचा तेव्हा ते तसं ठेवायचा. वाकून आत गेले तर वहिनी त्याच्या सतरंजीवर बसून शेंगा निवडत होती. बाहेर एक माणूस पाठीवर गिटार अडकवून घुटमळताना दिसला, तिनं त्याला आतूनच सांगितलं, "जरा बसा, चहा टाकते," आणि मग सगळं सांगितलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, शटर पूर्ण बंद का नाही करत? रोज किती जणांना सांगणार?"

"पूर्ण लावलं की लोकं तसेच परत जातात गं," ती म्हणाली. "अर्धं असलं का वाकून हाक मारतात, 'प्रकाशदादा हायेत का?' दुपारच्याला एवढं तरी कानावर पडतं."

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले.