थ्रॉटलवरचा हात
धुरे जळल्याचा वास आला की माझं उजवं मनगट अजूनही ठणकतं. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी धानाच्या बांधांवरचं, म्हणजे धुऱ्यांवरचं, वाळलेलं गवत पेटवून देतात. मी विमान चालवायला शिकत होते तेव्हा एका दुपारी चोरखमाऱ्याचा तलाव ओलांडून आम्ही नेमके त्या धुरात शिरलो आणि खालून उसळलेल्या तापल्या हवेने आमचं चिमुकलं विमान धरून आपटलं. डोकं छतावर आदळलं, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मी एसटीत वाढलेली पोरगी. रस्ता खराब आला की ड्रायव्हर गाडी दामटतो, एवढंच मला ठाऊक. मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवणारा दांडा, पुढे लोटला. इंजिन किंचाळलं, पंख थडथडले, आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या सरांनी माझ्या मनगटावर काडकन बुक्की हाणली. "काऊन पळवून राहिली व? पंख मोडाचे हायेत काय?" ओरडतच त्यांनी थ्रॉटल मागे खेचला, इंजिनचे फेरे मिनिटाला पंचवीसशेवरून एकवीसशेवर आणले. "धक्के खाय, पण हळू खाय!" धक्के तसेच बसत राहिले, पंखांची थडथड मात्र थांबली. आता शिकवणाऱ्याच्या जागेवर मी बसते. काल तशाच धुरात दिल्लीहून आलेल्या माझ्या विद्यार्थिनीचा हात पुढे सरकला, आणि मला कळायच्या आत माझी मूठ तिच्या मनगटावर आदळली होती. मी काय ओरडले ते तिला समजलं नाही, तिला आमची बोली येत नाही. हात मात्र तिने मागे घेतला.